अरबीतला ऐन : जोर लावू नका, घसा आवळा

मस्कतला नवीन गेलेल्या ताईंनी विचारलंय की अरबीच्या क्लासमधे 'ऐन' हे अक्षर (ع) म्हणताना एकतर साधा अ येतो नाहीतर ग, आणि वर घसा दुखतो. ताई, मी तिकडे सहा वर्षं होतो आणि पहिलं वर्षभर माझंही हेच चालू होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऐन हे व्यंजन आहे, स्वर नाही. आपण क ख ग ला कंठ्य म्हणतो खरं, पण ते होतात वर, मऊ टाळूपाशी. ऐन त्याच्या बराच खाली, जिभेचं मूळ मागे घशाच्या भिंतीकडे सरकतं, वाट अरुंद होते पण बंद होत नाही. तुमचा ग येतोय म्हणजे जीभ वर उचलली जातेय. हा आवाज जगात फार थोड्या भाषांत आहे, सोमालीत आहे, कॉकेशसमधल्या काही भाषांत आहे, हिब्रूत येमेनी ज्यूंनी जपला पण आज इस्राएलमधे बहुतेक लोक तो काढतच नाहीत. आणि अरबांना त्याचं महत्त्व किती, तर आठव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या खलील नावाच्या भाषापंडिताने अरबीचा पहिला शब्दकोश रचला तो ऐनपासून सुरू केला, अक्षरं घशापासून ओठांपर्यंत लावली, अगदी आपल्या क ते म सारखी! मला हे फार भारी वाटतं.

आता करायचं काय. आधी जड 'ह' पकडा, म्हणजे 'हम्माम'मधला. तिखट घास लागल्यावर घसा आवळून आपण हाऽऽ करतो ना, तसा, नुसत्या हवेचा. मग घसा तसाच आवळलेला ठेवून त्यात आवाज सोडा. गळ्यावर बोटं ठेवा, थरथर लागली की ऐन आला. दोन्ही एकाच जागेचे आहेत, एक अघोष, एक घोष.

आपल्याकडे अक्कल, अर्ज, अत्तर, इमारत, जमा, किल्ला सगळे मुळात ऐनवाले, पण फारसीमार्गे आले आणि तो आवाज वाटेतच गळला, म्हणून आपल्या कानाला तो वेगळा लागतच नाही. फरक मात्र मोठा आहे. ऐनने 'अमल' म्हणजे काम (आपला अंमल तोच), साध्या अ ने 'अमल' म्हणजे आशा. मी एका म्हाताऱ्या दुकानदाराला मित्रासाठी काम आहे का विचारलं तर त्यांना आशाच ऐकू आली. त्यांनी माझी बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि हळूहळू चार वेळा म्हणून दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं आवाज कुठून येतो ते. तुम्हीही शेजारच्या एखाद्या ओमानी बाईंना विचारा, खुशीने दाखवतील. रोज पाच मिनिटं पुरे, आणि दुखायला लागलं की लगेच थांबा, दुखतंय म्हणजे जोर चुकीच्या जागी पडतोय.