घरीच गाडी उघडायचीये, मग आधी कुठले पाने घ्यायचे?

प्रश्न : काका नमस्कार, मी रामबागेत राहतो, बाबांची जुनी स्प्लेंडर आता माझ्याकडे आलीये आणि तिची सर्व्हिसिंग मला घरीच शिकायचीये. ऑनलाइन १०८ पीसचा सेट दिसतोय, पेटीसकट. तो घेऊन टाकू की सियागंजात जाऊन सुटं सुटं घेऊ? बजेट चार-पाच हजारांचं आहे.
– एक कॉलेजकुमार, इंदूर

उत्तर : सेट घेऊ नकोस रे बाबा. त्या १०८ मधले निम्मे तर बारके बिट (पेचकसाची सुटी टोकं) असतात आणि बरेचदा इंचातल्या गोट्याही (नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट) असतात ज्या तुझ्या गाडीच्या एकाही नटाला बसणार नाहीत, कारण आपल्याकडच्या गाड्यांचे नट-बोल्ट मिलीमीटरमध्ये असतात. स्प्लेंडरसारख्या गाडीला ८, १०, १२, १४, १७ आणि १९ एवढ्यात जवळजवळ सगळं भागतं. बजाजच्या काही गाड्यांना १३ लागतो, पुढे मित्राची पल्सर उघडायची वेळ आली तर तेव्हा घे.

तर आधी एका बाजूला रिंग आणि दुसऱ्या बाजूला उघडं तोंड असलेले कॉम्बिनेशन पाने घे, ८ ते १९. नाशिकची टापरिया चालेल, बाकीही चांगल्या कंपन्या आहेत, फक्त पान्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय का ते बघ आणि दुकानातच एखाद्या नटावर बसवून बघ, डुगडुगला तर परत ठेव. मग ३/८ इंची ड्राइव्हचा (म्हणजे गोटी अडकवायच्या चौकोनी टोकाचं माप) रॅचेट, म्हणजे गोटी नटावरून न काढता फिरवायचा दांडा, आणि त्याच्या गोट्या (मिलीमीटरच्या गोटीलाही मागचं चौकोनी भोक इंचातच असतं, गोंधळू नकोस). गोटी आतून सहा कोनी घे, बारा कोनी नको. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूवर जोर देते आणि बारा कोनी कोपऱ्यांवर, आणि दहा-पंधरा वर्षं जुन्या गंजक्या नटाचे कोपरे एकदा गोल झाले की एका नटापायी सगळा दिवस जातो. माझं मत विचारशील तर पैसे वाचवायचेच असतील तर पेटीत वाचव, कापडी पिशवीतही पाने छान राहतात, पण जी वस्तू नटाला टेकते तिच्यात वाचवू नकोस.

त्यानंतर ८, १० आणि १२ चे टी-पाने (इंग्रजी टी आकाराचे), रोजच्या कामात हात आधी तिकडेच जातो. प्लगचा पाना मात्र मापाने घ्यायचा, प्लगचे आटे १० मिमीचे असतील तर १६ चा पाना लागतो, १२ चे असतील तर १८ चा, १४ चे असतील तर २१ चा. टॅपेटसाठी (म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) फीलर गेज, फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हवा, आणि टॅपेट नेहमी थंड इंजिनवर सेट करायचे, रात्रभर गाडी उभी असेल तर सकाळी सगळ्यात बरं. टायरची हवा मोजायचं गेज, साधा मल्टीमीटर, एक पक्कड, ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टखाली ठेवायला पसरट घमेलं. मल्टीमीटरला लोक महत्त्व देत नाहीत पण गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसली की अर्धी शंका तिथेच मिटते, उगाच नवीन बॅटरी घ्यावी लागत नाही.

आणि गाडीचं मॅन्युअल मिळव. चेन किती ढिली ठेवायची (अशा गाड्यांना बहुतेक २० ते ३० मिमी), टॅपेटचा गॅप किती, हे आकडे त्यातूनच घ्यायचे. चेन साफ करताना इंजिन बंदच ठेव, चाक हाताने फिरव. गिअर टाकून चेन पुसणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) गेलेली आहेत, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

प्रश्न : दादा, माझ्या जुन्या बाइकच्या कार्बोरेटरच्या वाटीचे आणि ब्रेक ऑइलच्या डबीचे क्रॉसवाले स्क्रू निघत नाहीयेत, पेचकस घसरतो आणि खाच अजून खराब होतेय. काय करू?
– एक वाचक भगिनी, सुदामानगर

उत्तर : ताई, आधी थांबा, अजून फिरवू नका. जपानी घडणीच्या गाड्यांमध्ये जे क्रॉस स्क्रू असतात ते बरेचदा जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, आपला नेहमीचा पेचकस फिलिप्सचा. दिसायला दोन्ही सारखेच, पण फिलिप्सचं टोक त्या खाचेत पूर्ण खाली बसत नाही, जोर दिला की वर उचललं जातं आणि जाताना खाच घेऊन जातं. स्क्रूच्या डोक्यावर बारीकसा ठिपका दिसला तर तो जेआयएस समजा. त्या मापाचा पेचकस घ्या, दोन नंबर आणि तीन नंबर असे दोन असले की पुरे.

तरी नाही हलला तर गंज सोडवणारं तेल मारून काही तास ठेवा, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, म्हणजे हातोडी मारली की टोक खाली दाबलंही जातं आणि थोडं फिरतंही. पण हे इंजिनच्या कव्हरसारख्या भक्कम जागी. कार्बोरेटरवर आणि ब्रेकच्या डबीवर हातोडी अजिबात चालवू नका, तिथे बरोबर मापाचा पेचकस दाबून धरून हळू फिरवणं हेच खरं. ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग उतरतो, म्हणून खाली ओलं फडकं आधीच ठेवा.

प्रश्न : टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने कसायचा पाना, खरंच लागतो का? आमच्या गल्लीतला मिस्त्री तर हातानेच कसतो.
– एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : लागतो. मिस्त्रीच्या हाताला रोजचा अंदाज असतो, आपण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पाना धरतो. १० चा पाना ज्याला लागतो तो बोल्ट बहुतेकदा ६ मिमीचा असतो, आणि त्याला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर, २० सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला फक्त पाचेक किलोचा जोर. एवढा जोर तर नकळत लागतो आणि त्याच्या दुप्पटही नकळतच लागतो. इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं, त्यामुळे बोल्टला काही होत नाही, आतले आटे निघून येतात आणि मग लेथवाल्याकडे हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी स्प्रिंगसारखी तार) बसवायला जा.

फक्त कारवाला अर्ध्या इंची ड्राइव्हचा मोठा रेंच घेऊ नका, तो अशा बारक्या आकड्यांसाठी नसतो. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा लहान आधी, चाकाच्या नटांसाठी मोठा नंतर. ‘टक’ आवाज आला की थांबायचं, परत एकदा ओढून बघायचं नाही. बोल्ट सोडवायला तो वापरायचा नाही आणि काम झालं की आकडा सगळ्यात कमीवर आणून ठेवायचा.

प्रश्न : जुनं ऑइल कुठे टाकायचं? नालीत टाकलं तर चालेल का?
– एक ज्येष्ठ वाचक, राजवाडा

उत्तर : नाही हो, नालीत तर मुळीच नाही, आणि स्वच्छतेत २०१७ पासून पहिल्या नंबरवर येत राहिलेल्या आपल्या शहरात तर नाहीच नाही. ते तेल शेवटी कान्ह नदीतच पोचतं. नवीन ऑइलच्या रिकाम्या डब्यातच जुनं भरा, झाकण घट्ट लावा आणि ज्या गॅरेजमध्ये जुनं ऑइल ड्रममध्ये साठवून रीसायकलवाल्याला देतात तिथे देऊन टाका, आधी विचारून जा म्हणजे खेप वाया जात नाही.