महिन्याचा शेवटचा दिवस कुठे गळतो?

प्रश्न : आमच्या टेबलमध्ये 'नोंद_वेळ' हा डेटटाइम (तारीख आणि वेळ एकत्र ठेवणारा) कॉलम आहे, डेटाबेस मायएसक्यूएल. मासिक अहवालासाठी मी बिट्वीन '२०२४-०४-०१' अँड '२०२४-०४-३०' असं लिहिते. २०२४च्या एप्रिल-मेमध्ये नोंदी कमी भरतात, मार्च आणि जून मात्र अचूक जुळतात. ३० एप्रिलच्या तर दोनच नोंदी दिसतात, प्रत्यक्षात दीडशेच्या वर आहेत. सहकाऱ्याने कॉलमला डेट फंक्शन (वेळ वगळून फक्त तारीख देणारं) लावायला सांगितलं. आकडा बरोबर आला, पण क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) रेंगाळायला लागली. चुकतंय काय?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी आधी कॅलेंडर काढलं. ३१ मार्च २०२४ला रविवार होता आणि ३० जूनलाही रविवारच. त्या दिवशी तुमचं ऑफिस बंद असणार. म्हणजे मार्च आणि जून जुळले ते क्वेरी बरोबर होती म्हणून नव्हे. त्या दिवशी गळायला काही नव्हतंच!

'२०२४-०४-३०' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अख्खा दिवस येतो. डेटटाइमशी तुलना करताना डेटाबेस मात्र त्याचा अर्थ ३० तारखेचे ००:००:०० असा घेतो. बिट्वीन दोन्ही टोकं धरतं हे खरं, पण इथे दुसरं टोक म्हणजे त्या दिवसाचा पहिला क्षण. सकाळी दहाची नोंद त्याच्या पलीकडे. त्या दोन नोंदी उघडून बघा, वेळेच्या जागी नुसती शून्यं असतील. कुणीतरी वेळ न देता फक्त तारीख भरली असणार.

लिहायचं असं : नोंद_वेळ >= '२०२४-०४-०१' अँड नोंद_वेळ < '२०२४-०५-०१'. महिन्याचा शेवट शोधत बसायचंच नाही, पुढच्या महिन्याच्या उंबरठ्याशी थांबायचं. मग महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी लीप वर्षातला की साधा, काही बघावं लागत नाही.

आता तुमच्या मनात येईल, शेवटी २३:५९:५९ जोडलं तर? मीही तेच केलं होतं, वर मिलिसेकंदांचे .९९९ लावून हुशारी दाखवली होती. माझा डेटाबेस मात्र मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर होता. तिथला डेटटाइम हा जुना प्रकार सेकंदाचे तीनशे भाग पाडून वेळ ठेवतो, त्यामुळे मिलिसेकंदांचा शेवटचा अंक ०, ३ किंवा ७ एवढाच असू शकतो. माझे .९९९ गुपचूप पुढच्या दिवसाच्या मध्यरात्रीवर जाऊन बसले. एक तारखेच्या, वेळ न भरलेल्या नोंदी दोन्ही महिन्यांत मोजल्या गेल्या. तुमचं कमी भरतंय, माझं जास्त भरत होतं. आणि जास्त भरलेलं कुणी तपासायला जात नाही, म्हणून माझी चूक बरेच दिवस लपली.

सहकाऱ्याचा उपाय चुकीचा नाही, महाग आहे. इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची, नोंद_वेळच्या मूळ किमतींवर बांधलेला असतो. त्यावर डेट फंक्शन चढवलं की तो इंडेक्स वापरून नेमका भाग गाठता येत नाही. एकेका ओळीची तारीख काढून बघावी लागते. मायएसक्यूएल ८.०.१३पासून फंक्शनच्या निकालावरही इंडेक्स बांधता येतो, पण तुम्हाला त्याची गरज नाही. कॉलम उघडा ठेवा, त्याला फंक्शन लावू नका, आणि जे गणित करायचं ते तुलनेच्या दुसऱ्या बाजूला करा.

ते गणित डेट_ॲडने (तारखेत दिवस-महिने मिळवणारं फंक्शन) करणार असाल, तर मोजणी नेहमी एक तारखेपासून सुरू करा. ३१ जानेवारी २०२४मध्ये एक महिना मिळवला की २९ फेब्रुवारी येते. त्यात आणखी एक मिळवला की २९ मार्च. ३१ परत येत नाही.

एप्रिल-मेचे अहवाल पुन्हा काढावे लागतील. त्याआधी जुन्या आणि नव्या क्वेरीतल्या फरकाच्या नोंदी बाजूला काढा. त्या सगळ्या ३० एप्रिल आणि ३१ मेच्याच असायला हव्यात. एखादी जरी दुसऱ्या तारखेची निघाली, तर घोळ आणखी कुठेतरी आहे. मला ती ओळ पाठवा.