आमच्या गावाजवळ गिधाडं दिसतात. त्यांची मोजणी कशी करावी? ड्रोन घ्यावा का?

ड्रोनचं आधी सांगतो: नको. घरट्यावर बसलेलं गिधाड बिचकून उठलं की अंडं उघडं पडतं, आणि कावळे टपलेलेच असतात. एका जोडीचं वर्षाला एकच अंडं. तुमच्या व्हिडिओपायी ते जायला नको.

आता मोजणी. "एकूण नक्की किती, हे कसं कळेल?" असं तुम्ही विचारलंय. नाही कळणार. हा प्रश्न वाचूनच लिहायला बसलो, कारण याच "एकूण किती"पायी माझं एका माणसाशी कायमचं बिनसलं.

मी रायगडातल्या म्हसळा तालुक्यातला. पक्षीवाल्यांना इथलं चिरगाव, गिधाडांचं म्हणून, माहीत असतं. माझं गाव ते नव्हे, आणि कुठलं ते सांगणार नाही. आमच्याकडे पांढऱ्या पाठीची गिधाडं, घरटी झाडावर, आंब्याच्या नाहीतर बेहड्याच्या शेंड्याला. (लांब चोचीची कड्यावर राहतात. ती बघायची तर नाशिककडे अंजनेरीला जा.) लहानपणी मेलेलं ढोर टाकायच्या जागेवर गिधाडांच्या घिरट्या बघून मैलभरावरून कळायचं की आज काही टाकलंय. मग ती जागा सुनी पडली. भाड्याने रिक्षा चालवत मी सहा हंगाम ही घरटी लिहून काढली. झाडांना नंबर माझेच. झाड ७ म्हणजे पऱ्ह्याकडचा बेहडा, दोन घरटी, खालच्या करवंदीवर चुना फासल्यासारखी शीट. शीट ताजी असेल तर घरटं चालू. वर मान मोडून बघत बसण्याआधी खाली बघा, निम्मं काम तिथेच होतं.

तिसऱ्या हंगामात, जानेवारीत, शहरातून एक ग्रुप आला. म्होरक्याला सगळे "सर" म्हणायचे. शिकवत काहीच नव्हते, बँकेत होते. मी सांगितलं होतं, सकाळी सहाला डोंगराच्या अलीकडच्या बाजूला या. धुकं असतं, गिधाडं जड असतात, ऊन तापेपर्यंत उडत नाहीत. वठलेल्या झाडावर पंख पसरून बसतात तेव्हा निवांत मोजता येतात. मी मोजली. २९. त्यातली तपकिरी, मानेवर पांढरी झालर नसलेली, म्हणजे अजून वयात न आलेली, ४.

सर आले पावणेअकराला. वाटेत मिसळ खाल्ली होती. तोवर सगळी वर, घिरट्या घालत. चौघांनी चार बाजूंना तोंडं केली, जो तो मोठ्याने आकडे ओरडतोय. गिधाडं डोंगरामागे जायची, परत यायची. त्यात एक होतं, उजव्या पंखातली मधली दोन पिसं गळालेलं. आभाळात खिंडार दिसावं तसं दिसायचं. ते माझ्यासमोर तीनदा मोजलं गेलं. मी म्हटलं, "सर, हे मघाचंच." सर म्हणाले, "तुमचा डोळा चांगला आहे हो, पण डेटा डेटा असतो." बेरीज आली ६३. चार दिवसांनी पेपरात फोटोसकट ६३.

पुढच्या वर्षी झाड ७ तुटलं. मालकाला लाकडाचे पैसे हवे होते, पेपर वाचून कोणी झाड तोडत नाही. पण मी विचारायला गेलो तेव्हा तो हेच म्हणाला, "गिधाडं आता भरपूर झाली ना, त्रेसष्ट?"

म्हणून सांगतो, आभाळातली डोकी मोजू नका. घरटी मोजा. तीच झाडं, त्याच वेळेला, दरवर्षी. नोव्हेंबर-डिसेंबरात किती घरट्यांवर गिधाड बसलंय, फेब्रुवारीत कितींत पिल्लू दिसतंय, एप्रिलपर्यंत किती उडाली. तीन रकाने झाले. माझ्या त्या हंगामाचे ११, ८, ६. आणि ज्या दिवशी काही दिसलं नाही त्या दिवशीही शून्य लिहा. सरांच्या ग्रुपमध्ये शून्य कोणी पाठवतच नसे. दिसलं की फोटो, नाही दिसलं की गुड मॉर्निंग.

हे माझं डोकं नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ऐंशीच्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती, साडेतीनशेच्या वर जोड्या. तेव्हा काही आक्रीत घडलं नव्हतं, तरी मोजली. नव्वदीत परत मोजायला गेले तर निम्मीही नाहीत, आणि २००३ पर्यंत एकही घरटं उरलं नाही. आधीचा आकडा वहीत होता म्हणून खड्डा दिसला. नाहीतर लोक म्हणत होतेच, गेली असतील कुठेतरी. याचं कारण २००४ मध्ये छापून आलं: गुरांना दुखण्यावर द्यायचं डायक्लोफेनॅक. ते टोचलेलं ढोर लगेच मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी बंद. शंभर ढोरांत एखादंही पुरतं, कारण एका ढोरावर गिधाडं जमतात चाळीस-पन्नास.

यातून एक राहिलेलं काम आठवलं, मोजणीपेक्षाही गरजेचं. गावात गुरांना दुखण्यावर कोणतं इंजेक्शन देतात ते विचारा. डायक्लोफेनॅक गुरांसाठी २००६ पासून बंद आहे, माणसांच्या नावाने मिळणाऱ्या मोठ्या बाटल्या २०१५ ला बंद झाल्या, गिधाडांना तशीच घातक असिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन गुरांसाठी २०२३ ला. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम चालतं. हे डॉक्टरला शिकवल्यासारखं सांगू नका, चहा पिताना विचारा. माझ्या चुलत्याच्या गाईला काय टोचलं हे मला तसंच कळलं आणि मी दोन रात्री झोपलो नाही. गाय जगली, म्हणून वाचलो.

मेलेलं गिधाड सापडलं तर पुरू नका, हातही लावू नका, वन खात्याला लगेच फोन करा. आतले अवयव तपासले तरच औषध कळतं.

आता माझ्या पद्धतीतल्या खोडी. दाट पानातलं एखादं घरटं सुटतंच, माझंही सुटलं असणार. आमच्याकडे निसर्ग वादळाने (जून २०२०) इतकी झाडं लोळवली की नंबर नव्याने घालावे लागले, तेव्हा आधीचं आणि नंतरचं सरळ ताडून बघता येत नाही. जोडी न जमलेली गिधाडं घरट्यांच्या मोजणीत येतच नाहीत, त्यांच्यासाठी पहाटेचा बसलेल्यांचा आकडा वेगळा ठेवा, त्यात मिसळू नका. शिवाय गिधाड लांब जातं. ताडोबातून सोडलेलं एक तमिळनाडूपर्यंत गेलं. तुमचं आणि शेजारच्या तालुक्याचं गिधाड एकच असू शकतं, म्हणून जमलं तर दोघांनी एकाच सकाळी मोजा. आणि वन खात्याला आधी सांगून जा, हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. घरट्याची जागा कुठल्या ॲपवर उघडी टाकू नका.

सर हे वाचत असतील तर, ती दोन पिसं पुढच्या हंगामात परत आली होती. मग ओळखता आलं नाही.

दुर्बीण साधी ८ बाय ४२ पुरते. वहीत पेन्सिलीने लिहा, पहाटेच्या दवात शाई पसरते.