जपानी शाळेत रुजू होताना: ताट, फडकं आणि स्टाफरूम

पुण्याच्या मैत्रिणीने विचारलंय: एप्रिलपासून जपानमधल्या एका लहान गावातल्या शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून रुजू होतेय, शाकाहारी आहे, जपानी जेमतेम एन-४ पुरतं, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या खालून दुसऱ्या पातळीपुरतं येतं. तिथल्या रीतीभाती जमतील का, आणि मी कायम परकीच राहीन का? मी शिमाने प्रांतात, मात्सुएजवळच्या एका सरकारी चुगाक्कोमध्ये, म्हणजे आपल्या सातवी ते नववीच्या मुलांना, चार वर्षं शिकवलं. त्या भरवशावर सांगते.

तुमचे बहुतेक प्रश्न वर्गातल्या शिकवण्याबद्दल आहेत. ती काळजी थोडी बाजूला ठेवा. वर्गात जपानी शिक्षक सोबत असतात, पुस्तक ठरलेलं असतं. तुम्ही त्या शाळेच्या झालात की नाही, हे ठरतं दुपारच्या जेवणात, त्यानंतरच्या साफसफाईत आणि स्टाफरूममध्ये. जी मुलगी तासाला तोंड उघडत नाही ती फरशी पुसताना तुमच्याशी बोलते, आणि मग दुसऱ्या दिवशी तासालाही बोलते.

जेवणापासून सुरू करते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. शाळेचं जेवण म्हणजे क्यूशोकु. त्यासाठी १९५४ सालीच कायदा झाला आणि जेवण हा तिथे शिक्षणाचा भाग मानतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक ते खाऊन बघतात, काही बिघडलेलं नाही ना याची खात्री करायला. मग ज्यांची पाळी आहे ती मुलं पांढरा एप्रन, टोपी आणि मास्क घालून पातेली वर्गात आणतात आणि स्वतः वाढतात. बाकं जोडून गट करतात, वर्गशिक्षकही तिथेच जेवतात. आपल्या पंगतीसारखंच, सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. सगळे एकत्र ‘इतादाकिमास’ म्हणतात तेव्हा जेवण सुरू. कुणी गैरहजर असलं आणि एखादं पुडिंग उरलं, तर त्यासाठी मुलं जानकेन खेळतात. आपलं दगड-कागद-कात्रीच ते. त्यात तुम्हीही हात पुढे करा.

आता शाकाहाराचं. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. मांसाचा तुकडा दिसत नसला की पदार्थ चालेल, असं समोरच्याला प्रामाणिकपणे वाटतं. पण मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत बहुतेक सगळ्यात दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं सार असतं, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाची. आमच्याकडे तर शिंजी सरोवर शेजारी, त्यामुळे सूपमध्ये शिजिमी, म्हणजे छोटे शिंपलेही असायचे. म्हणून निघण्यापूर्वी स्वतःशी ठरवा: दाशी चालणार आहे का? मग एकेक पदार्थ नावाने लिहा: मांस नको, मासे नकोत, दाशी चालेल किंवा नको, अंडं चालेल किंवा नको. तो कागद पहिल्याच आठवड्यात क्योतो-सेन्सेईंना, म्हणजे उपमुख्याध्यापकांना द्या. महिन्याचा मेनू आधीच छापून मिळतो, तो कुणाच्या तरी मदतीने वाचून घ्या.

मी दाशी नाकारली आणि घरून डबा नेला. मात्र जेवले रोज एकेका वर्गात मुलांबरोबरच. डबा घेऊन एकटीने स्टाफरूममध्ये बसू नका, हे अगदी कळकळीने सांगते. माझ्या डब्यातली बटाट्याची पिवळी भाजी बघून ‘सेन्सेई, हे काय?’ असं विचारता विचारता मुलांनी जितकं इंग्रजी वापरलं, तितकं धड्यातून मी कधी काढून घेऊ शकले नाही.

जेवणानंतर साफसफाई, सोजी. पंधरा-वीस मिनिटं ध्वनिक्षेपकावर गाणं लागतं आणि सगळी शाळा कामाला लागते. जुन्या टॉवेलची शिवलेली फडकी घेऊन मुलं व्हरांड्यात ओणवी धावत फरशी पुसतात. शिक्षकही झाडू घेतात. तुम्हाला कुणी ‘या’ म्हणणार नाही, पाहुण्या समजून सोडून देतील. तुम्ही आपणहून फडकं मागा. जिने, संडास, जिथे हात कमी असतील तिथे जा. आपल्याकडे शिक्षकाने शाळेचा संडास धुणं ही कल्पनाच अवघड जाते, मलाही पहिले काही दिवस जड गेलं. पण वर्षभराने शाळेतल्या सगळ्यात अबोल मुलांशी माझी ओळख झाली होती ती तिथेच.

स्टाफरूममध्ये मोठी चूक मी केली ती निघण्याच्या वेळेची. माझी करारातली वेळ सव्वाचारला संपायची, बाकीचे शिक्षक मुलांच्या खेळांच्या सरावासाठी अंधार पडेपर्यंत थांबायचे. वेळ झाली की मी गुपचूप निघायचे, त्यांना त्रास नको म्हणून. काही आठवड्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हळूच समजावलं, की लवकर जाण्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही, न सांगता गेलेलं मात्र टोचतं. उठून ‘ओसाकी नी शित्सुरेई शिमास’ म्हणायचं, म्हणजे तुमच्या आधी निघतेय, क्षमा असावी. मग खोलीभरातून ‘ओत्सुकारेसामा’ येतं, म्हणजे दमलात, छान काम केलंत. त्या दिवसापासून मी रोज म्हटलं आणि माझी जागा मला सापडली. रजा घेऊन कुठे गेलात तर परतताना ओमियागे, म्हणजे तिथला छोटा खाऊ आणा, प्रत्येकाच्या टेबलावर एक. सणासुदीला भेट नाही दिली तरी चालेल, हे चुकवू नका.

पाकिटांचं एक लक्षात ठेवा. लग्नाच्या पाकिटात कोऱ्या नोटा आणि विषम आकडा, कारण सम रक्कम सारखी दुभंगते, तशी जोडी दुभंगू नये. आपण एकशे एक देतो त्याच्या जवळचीच भावना. अंत्यविधीच्या पाकिटात मात्र वापरलेल्या नोटा घालतात. कोऱ्या नोटा दिल्या तर जणू आधीपासून तयारी करून ठेवली होती, असं वाटतं. भातात जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) उभ्या खोचत नाहीत आणि काडीतून काडीत घास देत नाहीत, तेही मृत्यूच्याच विधींमुळे. दहनानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनीच उचलतात, काही ठिकाणी एकमेकांच्या काड्यांत देतात. आपल्याला दहन आणि अस्थी परिचयाचे, त्यामुळे हे ऐकल्यावर परकं वाटलं नाही.

थंडीला कमी लेखू नका. लेखक लाफ्काडिओ हर्न १८९० मध्ये मात्सुएच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला, गावावर त्याचा जीव जडला, तिथल्या कोइझुमी सेत्सुशी त्याने संसार मांडला, तरी पुढच्याच वर्षी तो दक्षिणेला कुमामोतोला गेला. मात्सुएचा हिवाळा त्याला सोसवला नव्हता. घरं आजही फारशी उबदार नसतात. रॉकेलचा स्टोव्ह आणि कोतात्सु, म्हणजे खाली हीटर असलेलं, रजई घातलेलं बुटकं टेबल, पहिल्या पगारातच घ्या.

पगारावरून: करार नीट वाचा. जेट योजनेतून (परदेशी तरुणांना शाळांत बोलावणारी जपान सरकारची योजना, ती १९८७ पासून आहे), थेट शिक्षण मंडळाकडून, किंवा मधल्या कंपनीकडून, अशा तीन वाटांनी शिक्षक जातात. तिसऱ्या वाटेत ऑगस्टच्या सुट्टीचा पगार आणि सामाजिक विमा, दोन्ही लेखी विचारून घ्या. माझ्या पहिल्या कंपनीने ऑगस्टमध्ये निम्माच पगार दिला. करारात तसं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं.

परकी राहाल का? दुकानात, बसमध्ये, हो, अनेक वर्षं. काड्या किती छान धरता, हे तुम्ही शंभर वेळा ऐकाल. त्यामागे बहुतेकदा बोलणं सुरू करण्याची धडपड असते, म्हणून मी त्याचा राग धरला नाही. पण दार बंद नाही. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलेलं आहे, तो निर्णय वेगळा. शाळेत मात्र तुम्ही पहिल्या वर्षातच आपल्या होऊ शकता.

आता सामान. शाळेत घालायचे वेगळे स्वच्छ बूट न्या, मोठं माप तिथे मिळायला त्रास होतो. एक काळा सूट, प्रवेश समारंभ आणि मार्चमधल्या निरोप समारंभासाठी. आणि लोणावळ्याची चिक्की, पण एकेक वडी वेगळी गुंडाळलेली. स्टाफ किती ते आधी विचारून तितक्या वड्या मोजून घ्या, शेजाऱ्यांसाठी पाच-सहा जास्त. चिक्की फक्त मोठ्यांना द्या, मुलांना नको, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते. आणि प्रत्येक वडीवर ‘शेंगदाणे आहेत’ अशी जपानीत चिठ्ठी लावा.