ग्लास विसळणारा पोरगा

प्रश्न : मडगावला रेल्वे स्टेशनजवळ आमचा चहा-भज्यांचा गाडा आहे. पाच महिन्यांपासून एक पोरगा आमच्याकडे ग्लास विसळतो. वय विचारलं तर कधी सोळा सांगतो, कधी अठरा. घर कर्नाटकात कुठेतरी. तिकडचा विषय काढला की उठून जातो. रात्री प्लॅटफॉर्मवर असतो, नाहीतर कुठे, ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात एका रिक्षावाल्याने चारचौघांत सांगितलं, "ह्याला एड्स आहे, ह्याच्या हातचा ग्लास कसला देता?" दोन-तीन नेहमीची गिऱ्हाइकं तुटली. आमचे हे म्हणतात, काढून टाक. मुलगा मला वाईट वाटत नाही, पण माझी सात वर्षांची मुलगी त्याच ग्लासातून दूध पिते. त्याची तपासणी करावी का? विचारलं तर पळून जाईल अशी भीती वाटते.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ताई, आधी ग्लासाचं बघू. ग्लासातून एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, लागत नाही. उष्ट्यातून, घामातून, खोकल्यातून, एका ताटात जेवल्यानेही नाही. निरोधशिवाय झालेला शारीरिक संबंध, दुसऱ्याने वापरलेली सुई, दूषित रक्त आणि आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा. मुलीला खुशाल दूध द्या. ग्लास साबणाने धुवा ते पावसाळ्यातल्या काविळीसाठी आणि जुलाबांसाठी.

रिक्षावाल्याला कसं कळलं, हे मात्र मला कोडं आहे. मी चौदा वर्षं तपासणी केंद्रात समुपदेशक होते. तोंडाकडे बघून मला एकदाही ओळखता आलं नाही. पोरगा वाळलेला असेल तर पोटभर खात नसेल. दोन आठवड्यांच्या वर खोकत असेल तर थुंकी तपासून घ्या, ती क्षयासाठी.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले. "रात्री कुठे असतो, ठाऊक नाही." धोका असलाच तर तिथे आहे. मे अखेरीस किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामापुरती उभारलेली हॉटेलं, मोडतात. तिथे भांडी घासून तिथेच पडणारी पोरं मग शहराकडे सरकतात, आणि पाठोपाठ पाऊस येतो. पावसात कोरडी जागा फुकट मिळत नाही. अशी मुलं माझ्यासमोर बसली की "संबंध" हा शब्द कधी वापरायची नाहीत. म्हणायची, "उसके साथ जाना पडता है." कोणाबरोबर, तर ज्याच्याकडे खोली आहे, जो रात्री जेवू घालतो, ज्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये गळत नाही त्याच्याबरोबर. निरोध वापरायचा की नाही हे तो माणूस ठरवतो, पोरगा नाही. त्यात नशेसाठी रुमालावर पंक्चरचं सोल्युशन नाहीतर व्हाइटनर घेऊन हुंगलेलं असेल तर काय झालं हे सकाळी धड आठवतही नाही. मुलगा आहे, त्याला कसला धोका, असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे. पुरुषाकडून गुदमार्गाने निरोधशिवाय झालेला संबंध हा सगळ्यांत जोखमीचा, कारण तिथली त्वचा नाजूक असते. जखम किंवा गुप्तरोग असेल तर जोखीम आणखी वाढते.

म्हणून तपासणीच्या आधी झोपायच्या जागेचं बघा. पण गोड बोलणाऱ्या कुठल्याही सद्गृहस्थाच्या हवाली करू नका. मडगावातच अनाथ मुलांचं घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ साली अटक झाली आणि १९९६ साली मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल जन्मठेप झाली. लोक त्यालाही देवमाणूस समजत होते.

आता विचारायचं कसं. ह्यात माझ्याच हातून एक पोर निसटलं आहे. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, समोर छापील अर्ज. रक्त काढून झालं होतं. मी वरून खाली एकेक रकाना विचारत गेले आणि "आतापर्यंत जोडीदार किती?" तिथे आले. सतरा-अठराचा मुलगा, अंगात कोणाचातरी ढगळ शर्ट. तो टेबलफॅनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, पानी पीके आता हूँ." परत आला नाही. त्याचा रिपोर्ट कितीतरी महिने माझ्या खणात पडून होता. काय होता ते अजूनही सांगणार नाही.

त्यानंतर मी अर्ज बाजूला ठेवून बोलायला शिकले. तुम्हीही गिऱ्हाइकांसमोर विचारू नका. गाडा आवरताना, त्याचे दोन्ही हात कढईत असताना विचारा. पोरं हात गुंतलेले असले की बोलतात. एड्सचं नाव काढू नका. "पावसात झोपतोस कुठे? तिथे कोण त्रास देतं का?" एवढंच. पहिल्या दिवशी उत्तर आलं नाही तर विषय सोडा, चार दिवसांनी पुन्हा काढा.

मात्र एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. तो अठराच्या खालचा असेल आणि कोणी त्याच्याशी असं काही केल्याचं तुम्हाला समजलं, तर २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलगा असला तरी तोच कायदा. "मी हे कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊन बसू नका. "तुझ्या पाठीशी उभी राहीन" म्हणा, ते तुमच्या हातात आहे. कळवावं लागतं ह्या धास्तीने काही मुलं तोंडच उघडत नाहीत, हे मी पाहिलं आहे. कायदा करणाऱ्यांनी ह्याचा पुरेसा विचार केला नाही असं माझं मत आहे, पण कायदा आहे तो आहे.

तपासणी सोपी आहे. मडगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात (पूर्वीचं हॉस्पिसियो) समुपदेशन आणि चाचणी केंद्र आहे, एक पैसा लागत नाही. पहिली चाचणी थोड्याशा रक्तावर होते. त्यात काही दिसलं तरी तेवढ्यावर निकाल देत नाहीत, वेगळ्या किटवर पुन्हा तपासतात. काही नाही निघालं तरी तीन महिन्यांनी परत न्या, कारण ताजी लागण लगेच दिसत नाही. अठरा पूर्ण असतील तर त्याची स्वतःची संमती पुरते. नसतील तर पालकाची लागते, आणि तुम्ही मालकीण आहात, पालक नव्हे. अशा वेळी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. बाल कल्याण समितीमार्फत संमतीचाही मार्ग निघतो, निवाऱ्याचाही. त्याला फसवून, "ताकदीचं इंजेक्शन" सांगून नेऊ नका. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि तो तुमच्याकडे पुन्हा फिरकणार नाही.

एखाद्या सकाळी तो घाबराघुबरा आला आणि रात्री काहीतरी झालं म्हणाला, तर गाडा यजमानांवर सोडा आणि त्याला तसंच हॉस्पिटलात न्या. ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर लागण टाळता येते. जितक्या लवकर तितकं बरं. पुढे २८ दिवस त्या घ्याव्या लागतात.

यजमानांना सांगा, १९८९ साली आपल्या गोव्यात डॉमनिक डिसोझा ह्या रक्तदात्याला एचआयव्ही निघाला म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. आज २०१७ चा कायदा आहे. एचआयव्ही आहे म्हणून कोणाला कामावरून काढता येत नाही. आणि ह्या पोराला तो आहे की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही. गेलेली गिऱ्हाइकं भज्यांसाठी परत येतील. (भजी बरी असतील तर. मी खाल्लेली नाहीत.)

समजा, निघालाच. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, बहुतेकांना दिवसाला एक गोळी. नेमाने घेतली आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, की शारीरिक संबंधातूनही त्याच्याकडून कोणाला लागण होत नाही. अडचण डबीची असते. तीस गोळ्यांची डबी खिशात खुळखुळते, प्लॅटफॉर्मवर शेजारी झोपणारा विचारतो, हे काय. मग पोरं गोळ्या कागदाच्या पुडीत बांधतात, त्या दमट होतात, नाहीतर पिशवीसकट चोरीला जातात. तसं झालं आणि त्याची हरकत नसली, तर डबी तुमच्याकडे ठेवून घ्या. साखरेच्या डब्यामागे, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी. रोज पहिला चहा त्याच्या हातात देताना झाकण उघडून पुढे करा.