रस्त्यावर चित्रं काढणाऱ्या युद्धग्रस्त आजोबांना कॅनव्हास आणि रंग घेऊन द्यावेत का? मिरिकितानींसारखे तेही कलेनं बरे होतील का?

कॅनव्हास नको. तुम्ही न्यू जर्सीहून रोज न्यूयॉर्कला जाता, स्टेशनबाहेर हे आजोबा दिसतात, आणि जिमी मिरिकितानी या बेघर जपानी-अमेरिकन चित्रकाराबद्दल वाचून तुम्हाला हुरूप आला, इथवर ठीक. पण ‘कलेनं माणूस बरा होतो’ हे पालुपद ऐकून कान किटलेत. ती गोष्ट सांगताना सगळे त्यांनी काढलेली मांजरं सांगतात, न पोचलेलं सरकारी टपाल गाळतात.

मिरिकितानी १९२० साली सॅक्रामेंटोत जन्मले, वाढले हिरोशिमात. सैन्यात जायचं नव्हतं, चित्रकार व्हायचं होतं, म्हणून अमेरिकेत परतले. १९४२ मध्ये अमेरिकेनं जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं. मिरिकितानी कॅलिफोर्नियातल्या टूली लेकच्या छावणीत, बहीण आयडाहोतल्या मिनिडोकाच्या. नागरिकत्व सोडल्याच्या कागदावर सही झाली. पुढे टेक्सासमधली क्रिस्टल सिटी, मग सीब्रुक (हे तुमच्याच राज्यातलं), तिथे गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात निवडणी. न्यूयॉर्कात स्वयंपाकी म्हणून राहिले. १९८०च्या दशकाच्या शेवटी मालक वारला, आणि वर्षभरात मुक्काम वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बागेत.

२००१ मध्ये माहितीपट बनवणाऱ्या लिंडा हॅटेनडॉर्फ यांना ते सोहोच्या फुटपाथवर भेटले तेव्हा वय ८०. मांजरांखेरीज छावणीच्या बराकी, मागे कॅसल रॉकचा डोंगर आणि हिरोशिमाच्या ज्वाळा, हेच विषय घोटत होते. एवढं काढून मन शांत झालं होतं का? मुळीच नाही. सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी पेन्शनचं, नाव काढलं तरी भडकायचे. ज्या सरकारनं डांबलं त्याचा पैसा नको. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लिंडांनी त्यांना घरी नेलं, कागदपत्रं धुंडाळली, आणि कळलं की नागरिकत्व १९५९ मध्येच परत मिळालं होतं. बिऱ्हाडं इतकी बदलली होती की सरकारचं पत्र पोचलंच नाही! मग खोली मिळाली, पेन्शन सुरू झालं, ६० वर्षांनी बहिणीशी बोलणं झालं, २००२ मध्ये टूली लेकलाही जाऊन आले. राग निवळला तो या सगळ्यात.

म्हणून तुमच्या आजोबांसाठी आधी पत्ता. पोस्टाच्या ‘जनरल डिलिव्हरी’वर बेघर माणसाचं टपाल ३० दिवसांपर्यंत ठेवतात, पण घ्यायला फोटो-ओळखपत्र लागतं, लोक तिथेच अडतात. ते अमेरिकन सैन्यातले असतील तर सेवामुक्तीचा दाखला, म्हणजे डीडी-२१४, सेंट लुईसच्या अभिलेखागारातून एसएफ-१८० फॉर्मवर मागवा. अर्जावर सही त्यांचीच हवी. १९६० पूर्वी लष्करातून सुटलेल्यांच्या बहुतेक फाइल्स १९७३च्या आगीत जळाल्या, तेव्हा ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं तर हातपाय गाळू नका. इतर नोंदींवरून पर्यायी दाखला बनवून देतात.

आता साहित्य. काळं बॉलपेन द्या, शाई तेलकट असते, पावसात फुटत नाही. स्केचपेन आणि बऱ्याच जेल पेनांची शाई एका सरीत वाहून जाते. कागद भिंतीला टेकवून काढलं तर बॉलपेन चालेनासं होतं, शाई टोकाकडे उतरत नाही; म्हणून पाठीला जाड पुठ्ठा असलेलं पॅड घ्या, मांडीवर धरता येतं. १५० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कागद पुरे. मेणखडू चालतील, ऑइल पेस्टल नकोत, ते कधीच पूर्ण सुकत नाहीत आणि पिशवीत सगळीकडे फासले जातात. बोटं आखडत असतील तर पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. चित्रं ठेवायला पीव्हीसीचे पारदर्शक फोल्डर अजिबात नकोत, शाई प्लास्टिकला चिकटते. मध्ये बटर पेपर, बाहेरून जाड पिशवी. तोंड घट्ट बांधलं की आत दमट होऊन बुरशी धरते.

‘काय झालं होतं तिकडे?’ असं विचारू नका. ‘हा डोंगर कुठला?’ एवढं विचारा. तेच चित्र विसाव्यांदा काढलं तरी ‘आता काहीतरी छान काढा’ म्हणायचं नाही.

हो, मी कला-उपचाराच्या विरोधात नाही. प्रशिक्षित माणूस असेल तर उपयोग होतो, मिरिकितानी तर मुळातच कसलेले चित्रकार होते. पण रात्री दचकून ओरडणं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा दिसली तर पॅड राहू द्या, ९८८ या आत्महत्या रोखण्याच्या मदत-क्रमांकाला फोन करा. माजी सैनिक असतील तर लागल्यावर १ दाबायचं.

आणि चित्र आवडलं तर विकत घ्या, फुकट मागू नका.