पाठीवरचं नाव आणि फाटकावरचं नाव

प्रश्न: आम्ही चार मित्र मिसुरीत राहतो आणि हौसेनं बार्बेक्यू स्पर्धांत उतरतो. यंदा पहिल्यांदाच आम्हाला प्रायोजक मिळाला. आमच्या भागातल्या एका ग्रिल विक्रेत्यानं पेलेट स्मोकर (लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी, धुरावर मांस शिजवायची भट्टी) हंगामभर वापरायला दिला आणि वर १,५०० डॉलर. त्या बदल्यात प्रत्येक स्पर्धेत आमच्या जागेवर त्याचा दहा फुटी बॅनर लावायचा आणि शर्टांच्या पाठीवर त्याचं नाव घालायचं. पुढच्या महिन्यातल्या एका स्पर्धेची ३५० डॉलर फी आम्ही मार्चमध्येच भरली आहे. आता आयोजकांचा ईमेल आला: दुसरी एक ग्रिल कंपनी मुख्य प्रायोजक झाली आहे, म्हणून कुठल्याही संघानं तिच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव दिसू देऊ नये, आणि प्रत्येक जागेवर मुख्य प्रायोजकाचा झेंडा लावावा. आमचा विक्रेता म्हणतो, बॅनर काढलात तर पैसे परत करा. आम्ही स्पर्धा सोडावी की प्रायोजक? — एक वाचक, मिसुरी

उत्तर: इतक्यात काहीच सोडू नका. आधी मार्चमध्ये भरलेला अर्ज शोधा. त्यात प्रायोजकांच्या नावांबद्दल काय लिहिलं होतं, ते शब्दन् शब्द वाचा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मी एका स्पर्धेच्या आयोजन समितीत प्रायोजकांचं काम पाहिलं आहे, आणि आता परीक्षक म्हणून टेबलावर बसते. त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं मला माहीत आहेत, आणि दोघंही खरं बोलत असतात. आयोजकाला वीज, पाणी, फिरती स्वच्छतागृहं, विमा, पोलीस बंदोबस्त आणि बक्षिसं एवढं सगळं उभं करायचं असतं. संघांच्या फीमधून ते भागत नाही. मुख्य प्रायोजक मिळाला नाही तर पुष्कळ गावांतली स्पर्धा पुढच्या वर्षी भरतच नाही. दुसरीकडे संघ फी भरतो, ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) स्वतःच्या पैशानं आणतो, शुक्रवारची रात्र जागून काढतो, आणि लोक येतात ते त्याचाच धूर बघायला. प्रायोजक पैसे देतो ते त्या गर्दीसाठी.

तुम्हाला आलेल्या आयोजकांच्या ईमेलमध्ये खरं तर दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्या एकत्र बांधून दिल्यामुळे तुम्ही गोंधळलात. ‘प्रतिस्पर्ध्याचं नाव दाखवू नका’ ही पहिली मागणी. तिच्यामागे काही तर्क आहे, कारण ज्यानं मोठी रक्कम मोजली त्याला आपल्या समोरच दुसऱ्याचा बॅनर नको असणार. ‘आमचा झेंडा तुमच्या जागेवर लावा’ ही दुसरी. ती मला अजिबात मान्य नाही. फी भरून आलेल्या संघाला न विचारता, न मोबदला देता जाहिरातीचा खांब करणं अन्यायाचं आहे. या मागणीला स्पष्ट नकार द्या. सभ्य शब्दांत द्या, पण द्या.

पहिल्या मागणीसाठी अर्जाकडे या. अशी अट अर्जात होती आणि तुम्ही सही केली असेल, तर ती तुमच्यावर बंधनकारक आहे. मग विक्रेत्याला जे वचन दिलंत ते या एका स्पर्धेपुरतं तुमच्या हातातलं नव्हतंच. सातबारा आपल्या नावावर नसलेली जमीन गहाण ठेवता येत नाही, तसं हे आहे. अट नव्हती आणि फी घेतल्यानंतर घातली गेली असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. फी घेतल्यावर एकट्यानं अटी बदलायच्या, हे करार करणाऱ्याचं वागणं नव्हे. मात्र ‘आयोजक नियमांत बदल करू शकतात’ असं एखादं वाक्य शेवटच्या पानावर दडलेलं असतं, तेही पाहा. ते असेल तर तुम्ही हक्क म्हणून कमी आणि विनंती म्हणून जास्त बोला.

आता विक्रेत्याबद्दल. तो तुमच्यावर चिडला आहे, कारण चिडायला त्याच्यापाशी दुसरं कुणी नाही. मोटार शर्यतींच्या जगात हे फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या मुख्य मालिकेला २००४ पासून नेक्स्टेल ही फोन कंपनी नाव देऊ लागली आणि तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांना गाड्यांवर यायला बंदी झाली. पण ३१ नंबरच्या गाडीवर सिंग्युलर ही दुसरी फोन कंपनी आधीपासूनच होती, म्हणून तिला राहू दिलं. पुढे सिंग्युलरचं नाव बदलून एटी अँड टी झालं. कंपनीला गाडीवर नवं नाव हवं होतं, नॅसकारनं नकार दिला आणि २००७ मध्ये प्रकरण अटलांटाच्या कोर्टात गेलं. खालच्या कोर्टानं कंपनीच्या बाजूनं मनाई हुकूम दिला. अपील कोर्टानं ऑगस्टमध्ये तो उलटवला, आणि त्याचं कारण तुमच्या कामाचं आहे: नॅसकारचा करार शर्यतीच्या संघाशी होता. संघाचा प्रायोजक त्या करारात कुठेच नव्हता, त्यामुळे त्याच्या आधारे दावा लावायचा अधिकारच त्याला नव्हता. शेवटी तडजोड झाली आणि एटी अँड टी २००८ च्या अखेरीपर्यंत गाडीवर राहिली.

तुमचा विक्रेताही तिथेच उभा आहे. आयोजकाशी त्याचं काही नातं नाही. असेल ते तुमचं. म्हणून दोघांमधलं बोलणं तुम्हालाच करावं लागेल. विक्रेत्यानं परस्पर आयोजकाला फोन करून वाद घालायचा, हे होऊ देऊ नका. त्यानं दोन्ही बाजू ताठर होतात आणि शिक्षा तुमच्या संघाला होते.

आयोजकाला लिहिताना जाहिरातीच्या जागा तीन भागांत वाटून मांडा. फाटक, मंच, पोस्टर, ध्वनिक्षेपक, स्पर्धेचं नाव हे सगळं त्याचं, तिथे तुमच्या विक्रेत्याचं नाव येणार नाही अशी हमी द्या. तुमचा शर्ट, तुमचा ट्रेलर आणि तुमचा स्मोकर तुमचा. स्मोकरवरची कंपनीची पाटी झाकायला सांगितलं, तर सरळ सांगा की तापलेल्या पत्र्यावर चिकटपट्टी किंवा कापड लावणं सुरक्षित नाही. हे कारण काढून सांगितलेलं नाही, खरंच धोका आहे. मधली जागा उरते ती म्हणजे तुमच्या तंबूची रस्त्याकडची बाजू, आणि दहा फुटी बॅनर नेमका तिथे येतो. माझं मत असं की तेवढा बॅनर या स्पर्धेपुरता सोडून द्यावा आणि बदल्यात शर्ट व स्मोकर लेखी मंजूर करून घ्यावेत. अनेक आयोजक याला तयार होतात, कारण त्यांच्या प्रायोजकाला छळतो तो बॅनरच. पाठीवरचं नाव दुरून वाचता येत नाही.

एक गोष्ट मात्र बॅनरपेक्षाही नाजूक आहे, आणि तुमच्या पत्रात ती नाही म्हणून विचारते: विक्रेत्यानं तुम्हाला येणाऱ्याजाणाऱ्यांना चव द्यायला किंवा कागद वाटायला सांगितलं आहे का? सांगितलं असेल तर थांबा. लोकांना खायला देण्यासाठी बहुतेक ठिकाणी आरोग्य खात्याचा परवाना लागतो, आणि मैदानात चव देण्याचा हक्क बहुतेक वेळा मुख्य प्रायोजकानं विकत घेतलेला असतो. बॅनरवर तडजोड होते. इथे होत नाही.

आता विक्रेत्याशी बोला. त्याला बॅनर नको आहे, त्याला स्मोकर विकायचे आहेत. या एका बॅनरऐवजी त्याच्या दुकानात एक शनिवार येऊन स्मोकरवर रिब्ज (बरगड्यांचं मांस) शिजवून दाखवायची तयारी दाखवा, रात्रभराच्या शेकोटीचे फोटो आणि चित्रफीत द्या, पुढच्या दोन स्पर्धांत बॅनर ठळक लावायचं कबूल करा. दुकानात ग्राहकांसमोर झाकण उघडून दाखवलेल्या स्मोकरचा त्याला मैदानातल्या कापडापेक्षा जास्त उपयोग होईल, असं मला खरोखर वाटतं. ठरेल ते दोन ओळींत लिहून घ्या. आणि पुढच्या हंगामाच्या करारात ‘आयोजकांच्या नियमांना अधीन राहून’ हे शब्द घाला. शिवाय बॅनर लावता आला नाही तर बदल्यात काय द्यायचं तेही आधीच लिहा.

एवढं करूनही आयोजक शर्टसुद्धा नको म्हणाला तर? मग मी तुमच्या जागी ती एक स्पर्धा सोडीन आणि ३५० डॉलर परत मागीन. विक्रेत्यानं तुम्हाला आख्खा हंगाम दिला आहे, आयोजकानं एक शनिवार. पण शुक्रवारी गुपचूप जाऊन शनिवारी सकाळी बॅनर टांगायचा, हे करू नका. शुक्रवारच्या कुक्स मीटिंगमध्ये, म्हणजे आयोजक आणि संघांच्या बैठकीत, प्रश्न उघडपणे मांडून सोडवता येतो. मैदानातून बाहेर काढल्यावर ब्रिस्केट अर्धवट राहते आणि पुढच्या वर्षी अर्जही नाकारला जातो.

जाता जाता, तुमच्या मनात असेल म्हणून: याचा गुणांवर काही परिणाम होत नाही. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धेत चिकन, रिब्ज, पोर्क आणि ब्रिस्केट झाकणाच्या साध्या पांढऱ्या बॉक्समधून येतात. टेबलावर आम्ही सहा जण असतो आणि समोरचा बॉक्स कुठल्या संघाचा, कुठल्या स्मोकरचा, हे आम्हाला कळत नाही. बॉक्सवर ओळख पटेल अशी खूण दिसली तर तो बाद होतो. नियम इंधनाचा प्रकार ठरवतात, म्हणजे लाकूड, पेलेट किंवा कोळसा; कंपनी ठरवत नाहीत. मेम्फिसच्या पद्धतीत मात्र परीक्षक तुमच्या जागेवर येऊन बसतात आणि तुमचं म्हणणं ऐकतात. १९७८ पासून भरणाऱ्या मेम्फिस इन मेसारख्या स्पर्धेला कधी गेलात, तर जागेवर काय टांगलेलं आहे याचा विचार तिथे वेगळ्या नजरेनं करावा लागतो.

प्रश्न: बक्षीस घ्यायला मंचावर जाताना आयोजकांनी दिलेला शर्ट घालावा लागेल, असं आम्हाला सांगितलं आहे. आम्ही त्यावरून आमच्या प्रायोजकाचं जाकीट घातलं तर? — एक वाचक, टेनेसी

उत्तर: हे बार्सिलोनात घडलं आहे. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल संघाला पदक घेताना रीबॉकचा पोशाख घालायचा होता आणि मायकेल जॉर्डन नाइकीचा माणूस. त्यानं खांद्यावरून अमेरिकेचा झेंडा असा घेतला की रीबॉकचं चिन्ह झाकलं गेलं. त्याच्यासारखे इतरही होते. रीबॉकचा पोशाख अंगावर राहिला, चिन्ह दिसलं नाही, आणि दुसऱ्या कंपनीचं चिन्हही मंचावर आलं नाही.

पण तो मायकेल जॉर्डन होता. तुम्ही मंच आयोजकांचा आहे हे मान्य करा आणि शर्ट घाला. पायऱ्या उतरल्यावर तो काढून आपल्या तंबूजवळ, आपल्या शर्टात, चषकासह हवे तितके फोटो काढा. तुमच्या प्रायोजकाला हेच आधी सांगून ठेवा. मंचावरून त्याचं नाव दिसेल असं वचन तुम्ही दिलं असेल, तर ते आजच मागे घ्या.

प्रश्न: आम्ही एका छोट्या गावात स्पर्धा भरवतो. कोळसा बनवणारी एक कंपनी पैसे द्यायला तयार आहे, पण ‘मैदानात दुसऱ्या कुणाचाही कोळसा दिसता कामा नये’ ही तिची अट आहे. तीस-पस्तीस संघ येतात. काय करावं? — एक वाचक, आयोवा

उत्तर: ही अट लिहिली आहे तशी घेऊ नका. तीस संघांचे कोळशाचे पोते झाकत तुम्ही रात्रभर फिरणार आहात का? आणि दुसऱ्या कंपनीच्या कोळशावर वर्षभर सराव केलेला संघ तुमच्यासाठी आग बदलणार नाही, तो दुसऱ्या गावाला जाईल.

कंपनीला द्या ते तुमचं स्वतःचं: स्पर्धेचं नाव, फाटक, मंच, पोस्टर, आणि मैदानात कोळसा विकण्याचा व वाटण्याचा एकटीचा हक्क. संघांच्या जागा त्यात घालू नका. कंपनी फारच अडून बसली तर अट ‘कोळसा’ एवढ्याच मालापुरती आणि ‘मोठे बॅनर’ एवढ्यापुरती ठेवा. सॉस, रब (मांसाला चोळायचा मसाला), ग्रिल, मांस यांचा तिच्याशी संबंध नाही, हे शब्दांत लिहा. ‘संबंधित उत्पादनं’ असा ढिला शब्द करारात येऊ देऊ नका, पुढची सगळी भांडणं त्याच्यातून निघतात. ज्या संघांचे प्रायोजक आधीपासून आहेत त्यांना, नेक्स्टेल आली तेव्हा सिंग्युलरला दिली तशी, सूट द्या. आणि हे सगळं अर्जाच्या पहिल्या पानावर, फी घेण्याच्या आधी छापा.

त्याऐवजी कंपनीला एक वेगळी गोष्ट सुचवून पाहा. तिच्या कोळशावर शिजवून जो संघ जिंकेल त्याला तिनं जादा बक्षीस द्यावं. मग संघ आपण होऊन तिचे पोते पुढे मांडतील आणि तुम्हाला कुणाचं काही झाकावं लागणार नाही. बोलणी हिवाळ्यातच उरका. कंपन्यांची पुढच्या वर्षाची अंदाजपत्रकं ठरून गेल्यावर तुमच्या हातात फक्त त्यांची अट उरते.